जुन्या इमारतीत हीट पंपाचे गरम पाणी

फ्रिज आणि ए.सी.चे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना हीट पंप नवा नाही. खिडकीतला ए.सी. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. कॉम्प्रेसर तोच, कॉइल तीच, गॅस भरण्याची रीतही तीच. थंड मुलखात या यंत्राने घरे उबदार ठेवतात. झुरिकच्या सतराव्या शतकातील टाउन हॉलमध्ये १९३८ सालीच नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसवला गेला. मुंबईत खोली गरम करण्याची गरज नाही, पण आंघोळीचे पाणी मात्र लागते. जानेवारीच्या पहाटेही आपल्या उपनगरांत पारा सहसा १५ अंशांच्या आसपास थांबतो, त्यामुळे येथे यंत्र चांगले चालते.

आधी हिशेब पाहू. समजा, अंधेरीत किंवा घाटकोपरला तीन मजल्यांची जुनी इमारत आहे आणि तीत १२ बिऱ्हाडे राहतात. दर बिऱ्हाडात ४ माणसे आणि माणशी ५० अंशांचे ३० लिटर पाणी धरले (त्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचे ५० लिटर होते), तर रोज १,४४० लिटर लागेल. २५ अंशांचे एवढे पाणी ५० अंशांवर नेण्यास सुमारे ४२ युनिट उष्णता लागते. साध्या गीझरला तेवढीच वीज लागेल. हीट पंप एका युनिटमागे सुमारे तीन युनिट उष्णता देतो, म्हणजे १४ युनिटांत काम होईल. नळांतून वाया जाणारी उष्णता आणि पाणी फिरवणारा छोटा पंप धरून १७-१८ युनिट सांगावेत. गिऱ्हाइकाला १४ सांगून काम घेतले, तर पहिल्या बिलालाच तोंड लपवावे लागेल!

खरी अडचण गच्चीवर येते. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन होते. टाकी आणि स्टँड वेगळेच. जुन्या स्लॅबच्या मधोमध ते ठेवणे म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या जिवाशी खेळणे होय. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला महापालिकेच्या कायद्याप्रमाणे मजबुतीचा दाखला घ्यावाच लागतो. सोसायटीकडे तो मागा. टाकी कोठे ठेवायची हे इंजिनियरकडून लेखी घ्या. भार कॉलमवर आणि बीमवर यावा. इंजिनियर नाही म्हणाला तर काम सोडून द्यावे, विसार घेतला असला तरी परत करावा.

नळाच्या कामातही जुनी इमारत फसवते. आतून गंजलेल्या जी.आय. नळांना गरम पाणी जोडू नका. नवी लाइन सी.पी.व्ही.सी.ची टाका, साधा पी.व्ही.सी. उष्णतेने वाकतो. यंत्रापासची तांब्याची नळी जी.आय.ला थेट जोडली, तर जी.आय. लवकर खाल्ला जातो. सगळ्या गरम लाइनीवर फोमचे आवरण हवे. ते वाचवणारा कारागीर गिऱ्हाइकाची वीज गच्चीवर सांडतो. पाणी फिरवणारा पंप टायमरवर ठेवा. फज्रपासून आठ-नऊपर्यंत आणि संध्याकाळी थोडा वेळ चालला तरी पुरे. टाकीतले पाणी मात्र कोमट ठेवू नये, त्यात जंतू वाढतात. अधूनमधून ते ६० अंशांवर न्यावे. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह विसरू नये.

वर्सोव्याकडच्या खाऱ्या हवेत कॉइलच्या पत्र्या लवकर झडतात. तिथे लेप दिलेली कॉइल घ्या. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर आत क्षार बसतात, म्हणून साफसफाईचा वार्षिक करार आधीच ठरवा. पावसाळ्यात थंड कॉइलवर पाणी सुटते. त्याची नळी गटारापर्यंत न्या, नाहीतर गळतीचा आळ तुमच्यावर येईल. यंत्रातून निघालेली गार हवा पुन्हा यंत्रातच शिरणार नाही एवढी मोकळी जागा सोडा. शेजारच्या बेडरूमच्या खिडकीसमोर यंत्र ठेवू नये, पहाटेची घरघर भांडण लावते. आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. आर-२२ वर शिकलेल्या उस्तादांनी तो हाताळण्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे.

वीजजोडणीचा भार वाढवायचा तर अंधेरी, बोरिवली, घाटकोपरकडे बहुतेक ठिकाणी अदानीकडे अर्ज जातो, मुलुंडला महावितरणकडे.

आता पैशाची गोष्ट. यंत्र सोसायटीच्या मीटरवर चालते. गावी गेलेल्या बिऱ्हाडाने बिल का भरावे? चौथ्या खोलीत नऊ माणसे राहतात, त्यांचे काय? हा वाद यंत्र बसल्यावर सुरू झाला की उरलेली रक्कम अडकते ती कारागिराची. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाच्या गरम लाइनीवर पाण्याचा मीटर कोटेशनमध्येच धरा आणि सर्वसाधारण सभेचा ठराव हातात आल्याशिवाय माल उचलू नका. जिथे लोक फक्त थंडीचे दोन महिने गरम पाणी वापरतात, तिथे यंत्राचा खर्च निघायला फार वर्षे जातील, हे स्पष्ट सांगावे. अशा सोसायटीपेक्षा रोज पाणी लागणारे लॉज, व्यायामशाळा, नर्सिंग होम ही आधी गाठण्याची गिऱ्हाइके आहेत.