पाकिटातलं बी, डब्यातलं बी

भोकरदन तालुक्यातलं केदारखेडा हे माझं गाव. आमच्या जालन्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्यात राहून परसातल्या चार वाफ्यांसाठी रोपं विकत आणणं मला पटत नाही. तर परसबागेतले हे अनुभवाचे बोल.

१. बी धरण्याआधी ते हायब्रीड की गावरान, हे बघा. बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये काम केलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. उद्या उमलणारी टोमॅटोची कळी चिमट्याने उकलायची, आतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या वाणाचे पराग त्या फुलाला लावायचे. एकेका फुलामागे एवढी मेहनत. असं तयार झालेलं हायब्रीडच्या पाकिटातलं बी पहिल्या वर्षी एकसारखं पिकतं. त्याच फळांचं बी पुन्हा पेरलं तर एक झाड आजीवर जातं, दुसरं आजोबांवर. कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, संकराचा स्वभावच तो.

२. गावरान टोमॅटो, वाल आणि गवार यांचं बी निर्धास्त धरावं. त्यांच्या फुलांत परागीभवन बहुधा आपल्याआपणच होतं. वेलवर्गीय भाज्यांचं तसं नाही. दुधी आणि दोडका शेजारी लावले तर काही बिघडत नाही, पण शेजारणीच्या लांब दुधीचे पराग मधमाशी किंवा पतंग आपल्या गोल दुधीला लावून जातो. लाल भोपळ्याचं बी शुद्ध हवं असेल तर उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधाव्यात. सकाळी नर फूल मादी फुलावर फिरवून मादी फूल परत बांधावं. त्या फळाला खूण करावी आणि ते वेलीवरच पूर्ण पिकू द्यावं. घरातल्यांना आधी बजावून ठेवा, नाहीतर खुणेचं फळ भाजीत जातं.

३. टोमॅटोचा गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबवा. बुळबुळीत आवरण सुटलं की बी धुऊन सावलीत वाळवा.

४. धणे अख्खे पेरू नका. चपलेने हलके रगडून दोन फोडी करा.

५. काळ्या मातीत नाजूक बी टाकू नये. पाणी दिलं की ती चिकटते, वाळली की कडक पापुद्रा धरते आणि कोंब खालीच अडकतो. नदीकाठचा पोयटा, चाळलेलं शेणखत आणि थोडी वाळू घ्यावी. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटच खोल असावं. पाणी झारीनेच.

६. जुन्या बियांवर भरवसा ठेवण्याआधी दहा बिया ओल्या गोणपाटात गुंडाळा. निम्म्याच उगवल्या तर दुप्पट दाट पेरा. दोन-तीनच उगवल्या तर तो डबा रिकामा करा. मिरची-वांग्याला दोन आठवडे वेळ द्या, घाई करू नका.

७. पाकिटातल्या रंगीत बियांना औषध चोळलेलं असतं. उरलेलं बी कोंबड्यांना टाकू नये, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.