घट्टा पडू नये म्हणून

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २४:१६, १ शमुवेल २४:१-७, २ शमुवेल ११ व १२, स्तोत्र १५.

पांढुर्णा व सौंसर या भागात, सगळ्या विदर्भाप्रमाणेच, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो. त्या जागी हळद व तूप लावून शेतकरी खांदा शेकतो, हाताने चोळतो. घट्टा पडलेल्या जागी बैलाला प्रथम काही जाणवत नाही. बराच वेळ चोळल्यावर कातडी थरथरते, तेव्हा धनी समजतो की आता ऊब आत पोहोचली.

पौलाने तीमथ्याला लिहिताना, ज्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला जणू तापल्या लोखंडाचा डाग दिलेला आहे अशा माणसांविषयी सांगितले आहे (१ तीम. ४:२). डाग एकदाच बसतो आणि तो आठवणीत राहतो. आपल्यापैकी पुष्कळांचे तसे झालेले नसते. आपल्याला पडतो तो घट्टा, रोजच्या घासण्याने. तो केव्हा पडला हे आपले आपल्यालाच कळत नाही. म्हणून या पाठात आपण त्याविषयीच विचार करू.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते हे वाचकांना ठाऊक आहेच. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. झेंडा हाती लागून झाड चंडीमातेच्या देवळात गेले म्हणजे खेळ संपतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदीचे हुकूम काढले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तरी दगड थांबले नाहीत. पळवून आणलेली मुलगी व तिचा प्रियकर यांना नदीतच गाठून दगड मारले गेले, अशी या प्रथेमागची कथा सांगतात. खेळ संपल्यावर हीच दोन्ही गावे एकमेकांची सोयरी-धायरी असतात.

शेजाऱ्यांच्या प्रथेचा न्याय करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्यांच्या घरचा माणूस त्या नदीत गेला त्यांच्यापुढे आमच्यासारख्यांनी शहाणपण सांगावे, हे आम्हांला शोभणारे नाही. आम्ही लिहितो ते आमच्याविषयी. कारण एके वर्षी आम्हीही एका परिचितांच्या गच्चीवर बसून गोटमार पाहिली आहे. हातात चहाचा कप होता. पहिला माणूस डोके धरून खाली बसला तेव्हा पोटात कालवले. पाचव्या-सहाव्याच्या वेळी आम्ही मोजू लागलो होतो. दुपारनंतर एक नेमका दगड बसला आणि सगळ्या गच्चीने आरोळी ठोकली. त्यात आमचाही आवाज होता. बरोबर आलेली आमची आठ-नऊ वर्षांची भाची म्हणाली, “मामा, त्याला लागलं, मग लोक खूश का झाले?” आम्ही तिला काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आता आठवत नाही. प्रश्न मात्र आठवतो.

एका दुपारी, चार-पाच तासांत एवढे झाले. दगड तर आम्ही एकही उचलला नव्हता.

दगड न उचलणारा असा एक तरुण पवित्र शास्त्रात आहे. स्तेफनाला दगडमार करणाऱ्यांनी आपली वस्त्रे शौलाच्या पायांजवळ ठेवली (प्रे. कृ. ७:५८). त्याने फक्त कपडे सांभाळले. परंतु पुढे पौल झाल्यावर तो स्वतःच्या तोंडाने सांगतो की त्या रक्ताला आपली संमती होती, आपण जवळ उभे होतो (२२:२०). “मी तर काहीच केले नाही” ही सबब त्याने वापरली नाही. मधल्या काळात प्रभूने त्याला विचारलेच होते की पराणीवर लाथ मारणे तुला कठीण जात नाही काय? (२६:१४). पराणी म्हणजे आपल्याकडची बैल हाकण्याची तुतारी. टोचणी लागत होती आणि तो ती झिडकारत होता, असा याचा अर्थ दिसतो.

दावीदाचे उदाहरण याहून खोल आहे. गुहेत शौल राजा हाती सापडला असता दावीदाने त्याच्या झग्याचा फक्त काठ कापला, तरी त्याचे मन त्याला खाऊ लागले. तोच दावीद पुढे उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन ठार करवतो, त्याची बायको घरी आणतो, तिला मूल होते, आणि इतक्या महिन्यांत त्याचे मन त्याला खाते असे या इतिहासात कोठेही लिहिलेले नाही. कापडाच्या काठाने बोचणारे मन माणसाच्या जिवाने बोचले नाही! वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नाथानाने गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगताच दावीदाचा क्रोध भडकला. म्हणजे त्याची सदसद्विवेकबुद्धी मेलेली नव्हती. दुसऱ्याच्या पापाबाबत ती चांगली धारदार होती. आमच्या मते घट्ट्याची ही सर्वांत खात्रीची खूण आहे. पंचायतीतला भ्रष्टाचार, पाळकांची चूक, शेजारणीचे बोलणे यांवर आपण तास तास बोलू शकतो, आणि आपल्या वहीतले दोन ओळींचे खोटे आपल्याला टोचत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. हळवे मन आणि दुर्बळ मन एक नव्हे. करिंथ येथील काही जण बाजारातले मांस खातानाही भीत, पौल त्यांना धिक्कारत नाही, पण त्या भीतीला पवित्रताही म्हणत नाही (१ करिंथ. ८ व १०). पोळ्याच्या दिवशी शेजारणीने प्रेमाने आणलेली पुरणपोळी घेऊ की नको, यावर काही भगिनी रात्रभर तळमळतात, आणि घरच्या मोलकरणीचा पगार दोन महिने थकला आहे याची त्यांना आठवण नसते. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी मुलांना नुसती भीती शिकवली तर अशीच मने तयार होतील.

फेलिक्स सुभेदारापुढे पौल म्हणतो की देवासंबंधाने व माणसांसंबंधाने आपले मन निर्दोष राहावे म्हणून तो यत्न करतो. ‘यत्न’ या अर्थाचा मूळ शब्द सरावाचा, मेहनतीचा आहे. ‘माणसांसंबंधाने’ हेही आपण वाचताना वगळतो. देवाजवळ पाप कबूल केले, ख्रिस्ताच्या रक्ताने मन शुद्ध झाले (इब्री ९:१४), हे खरेच. तोच आपला खांदा शेकणारा आहे. आपण आपल्या हाताने ते करू शकत नाही. परंतु ज्याचे देणे आहे त्याच्या दारी आपल्यालाच चालत जावे लागते. जक्कयाने तेच केले.

आमच्या ओळखीचे सौंसरकडचे एक बागायतदार आहेत, मंडळीचे सभासद. त्यांनी आंबिया बहाराची संत्र्याची बाग झाडावरच एका व्यापाऱ्याला दिली आणि इसार घेतला. सगळे तोंडी. पंधरा दिवसांत भाव चढला व दुसरा व्यापारी बराच जास्त पैसा घेऊन आला. घरचे म्हणाले, इसार परत करा, लेखी थोडेच आहे? ते त्याला “बघू” म्हणाले, आणि आठवडाभर मार्गदर्शनासाठी प्रार्थना करीत राहिले. पुढे त्यांनी आम्हांला सांगितले, “उत्तर मला पहिल्याच दिवशी ठाऊक होते. मी देवाला दुसरे उत्तर मागत होतो.” शेवटी त्यांनी दुसऱ्याला नाही म्हटले. एवढ्यावर त्यांचे भागले नाही. ते पहिल्या व्यापाऱ्याकडे गेले आणि आपले मन फिरले होते हे त्याला सांगितले. त्याला यातले काहीच माहीत नव्हते. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “बरं झालं सांगितलंत,” आणि तोडणीची तारीख विचारली.

ही गोष्ट वर्गात सांगितली असता एका मुलाने लगेच विचारले, “पण त्यांचे पैसे किती गेले?” शिक्षकांनी हा प्रश्न टाळू नये. पैसे गेले, मुलीच्या लग्नाच्या वर्षी गेले, आणि देवाने ते दुसऱ्या वाटेने भरून दिले असे आम्हांला सांगता येत नाही. स्तोत्र १५:४ मध्ये दिलेला शब्द नुकसान सोसूनही न बदलणाऱ्याचे वर्णन आहे. मुलांना ते वचन काढून वाचायला लावावे, आणि त्यातला नुकसानीचा शब्द त्यांनाच शोधू द्यावा.