उवा झाल्या म्हणून केस उतरवू नयेत

सुटीहून परतलेल्या एखाद्या मुलीचे डोके मुंडलेले दिसले की आम्ही कारण विचारीत नाही. ते आम्हांस ठाऊक असते. अस्वच्छतेचा शिक्का आपल्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला. तो आपणच आपल्या लेकीच्या माथी मारावा काय? उवा रोज धुतलेल्या केसांतही होतात. ऊ उडत नाही, उडी मारीत नाही. डोक्यास डोके लागले की चालत दुसरीकडे जाते. जात तर ती मुळीच पाहत नाही.

उपाय प्राचीन आहे. इस्रायलमधील लाखीश येथे सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. उवा नाहीशा व्हाव्यात अशी इच्छाच तिच्यावर कोरलेली आहे. केस ओले करून, तेल लावून, एकेक बट बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावी. दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यास पुसावी, म्हणजे काय निघाले ते दिसते. लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. दर ३-४ दिवसांनी, निदान २ आठवडे हे करावे. परमेथ्रिनचे औषध वापरल्यास तेही सूचनेप्रमाणे आठवडा-दीड आठवड्याने पुन्हा लावावे. रॉकेल वा शेतातील कीटकनाशक कदापि लावू नये. त्याने जीवावर बेतते.

घरातील सर्वांची डोकी त्याच दिवशी पाहावीत. आजीचेही, कारण नात तिच्याच कुशीत निजते. अंथरूण-पांघरुणाची फार धास्ती नको. डोक्यावरून उतरलेली ऊ साधारण २ दिवसांत मरते. मुलीची शाळा मात्र एक दिवसही बुडवू नये.