जुनी इलेक्ट्रिक गाडी आणि कॅनडाचा जानेवारी

प्रश्न : आम्ही कॅनडात ऑन्टारिओमधील किचनरला राहतो. माझी नोकरी मिसिसागाला. जाऊन-येऊन रोजचे १८० किलोमीटर, बहुतेक सगळे ४०१ महामार्गावरून. पेट्रोल परवडेनासे झाल्यामुळे पाच-सहा वर्षे वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घ्यावी असे मनात आहे. पण ‘४०० किलोमीटर जाते’ असे लिहिलेली गाडी थंडीत निम्मीच जाते, आणि जुनी असेल तर बॅटरी संपलेलीच असते, असे सगळे सांगतात. मग माझ्यासारख्याने हा विचार सोडून द्यावा का? घ्यायचीच झाली तर कोणती घ्यावी?

उत्तर : विचार सोडण्याचे कारण नाही. तुम्हाला मिळालेल्या माहितीत थोडे खरे आहे, थोडे अर्धवट आहे, आणि बॅटरीबद्दलचा भाग बराचसा उलटा आहे. आधी ‘निम्मी जाते’ या वाक्याकडे पाहू.

२०१९ मध्ये अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संस्थेने पाच इलेक्ट्रिक गाड्या उणे ७ अंशांच्या आसपास तपासल्या. हीटर चालू ठेवल्यावर पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. ‘निम्मी’ हा शब्द अशाच आकड्यांवरून पसरला असावा. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा सहसा कोणी सांगत नाही : हीटर बंद असताना घट फक्त १२ टक्के होती. म्हणजे थंडीचा फटका बॅटरीला बसतो त्याहून कितीतरी जास्त पल्ला आपल्याला उबदार ठेवण्यात जातो.

असे का होते? पेट्रोलचे इंजिन इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवते. हिवाळ्यात तीच उष्णता गाडीत वळवली जाते, म्हणून ऊब फुकट मिळते असे आपल्याला वाटते. इलेक्ट्रिक मोटार मुळातच फार कमी ऊर्जा वाया घालवते. त्यामुळे ऊब वेगळी तयार करावी लागते, आणि तिची वीज बॅटरीतूनच येते.

बॅटरीचे म्हणाल तर थंडीत तिच्यातले द्रावण खोबरेल तेलासारखे जड होऊ लागते, आणि लिथियमचे कण त्यातून सावकाश सरकतात. आतला विरोध वाढतो, म्हणून साठवलेली सगळी वीज बाहेर येत नाही आणि चार्जिंगही मंदावते. ही घट तात्पुरती असते. बॅटरी उबदार झाली की ती भरून निघते.

आता तुमचा हिशेब मांडू. तो किलोमीटरांत मांडू नका, युनिटांत मांडा. वीजबिलावर जे युनिट असते तेच हे, एक किलोवॅट-तास. बॅटरीचा आकारही याच मापात सांगतात. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी उन्हाळ्यात महामार्गाच्या वेगाने १०० किलोमीटरला साधारण १८ युनिटे घेते. उणे १५ अंशांत हवा २० अंशांतल्या हवेपेक्षा १३-१४ टक्के घट्ट असते, त्यामुळे तितकाच जादा वाऱ्याचा अडथळा येतो. त्यात हिवाळी टायर आणि रस्त्यावरचा ओला बर्फ आला की १८ चे २१ होतात. साधा विजेचा हीटर तासाला तीन-चार युनिटे घेतो. ९० किलोमीटर तासाभरात उरकले तर १०० किलोमीटरमागे ती चार युनिटे धरा. एकूण झाली २५. तुमच्या १८० किलोमीटरांना ४५ युनिटे लागतील.

इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा. हीटर किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. ४०१ वर अपघात होऊन गाड्या रखडल्या आणि तासाच्या जागी अडीच तास लागले, तर मोटारीचा खर्च फारसा वाढणार नाही, पण हीटरचा अडीचपट होईल. म्हणून ४५ वर दहा-बारा युनिटांची शिल्लक हवीच. तुमच्या कामाला आज, म्हणजे गाडी जुनी झाल्यावरही, ५५ ते ५७ युनिटे देणारी बॅटरी हवी. जाहिरातीतले ४०० किलोमीटर बाजूला ठेवून हाच आकडा घेऊन बाजारात जा. ऑफिसात चार्जिंगची सोय असेल तर प्रश्न निम्म्यावर येतो, पण ती जागा रोज रिकामी मिळेलच असे धरून चालू नका.

लांबच्या प्रवासाला इलेक्ट्रिक गाडी थंडीत जास्त त्रास देते, असाही एक समज आहे. किलोमीटरमागे पाहिले तर घडते उलटे. सर्वांत वाईट अवस्था दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांची असते, कारण थंडगार गाडी तापवायला सुरुवातीलाच बरीच वीज जाते आणि ऊब यायच्या आत फेरी संपते. तुमच्या प्रवासात तो सुरुवातीचा खर्च ९० किलोमीटरांवर वाटला जातो. नॉर्वेच्या ‘एनएएफ’ या वाहनचालक संघटनेने २०२० च्या हिवाळ्यात २० गाड्या बॅटरी संपेपर्यंत रस्त्यावर चालवल्या. त्यांची सरासरी घट १८.५ टक्के आली. ‘निम्म्या’पेक्षा ती पुष्कळच कमी आहे.

आता जुन्या बॅटरीकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. थंडीने बॅटरी कायमची खराब होते, असे अनेकांना वाटते. बॅटरीला म्हातारी करते ती मुख्यतः उष्णता. निसान लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय नाही. २०१२ मध्ये अॅरिझोनातल्या फिनिक्ससारख्या कडक उन्हाच्या शहरात तिची क्षमता भराभर घटल्याच्या तक्रारी गाजल्या, त्या याच कारणाने. ऑन्टारिओत वाढलेली गाडी या बाबतीत सुदैवी आहे. (आमच्या नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांनी मात्र जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना बॅटरी थंड ठेवण्याची सोय कशी आहे, हे सगळ्यात आधी विचारावे.) थंड मुलखात नुकसान बॅटरीचे नाही, लोखंडाचे होते. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाडीची खालची बाजू गंजते. शिवाय इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना मोटारीनेच बरेचसे ब्रेक लावते, त्यामुळे नेहमीच्या ब्रेकच्या चकत्या कमी वापरात येऊन गंजून बसतात. गाडी लिफ्टवर चढवून ब्रेकचे पाइप, चकत्या आणि बॅटरीची पेटी मेकॅनिककडून पाहून घ्या.

वॉरंटीबद्दल विक्रेता तुम्हाला ‘बॅटरीला आठ वर्षे’ असे सांगेल. बहुतेक कंपन्यांची अट ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी असते. तुम्ही वर्षात २३० दिवस कामावर गेलात तर ४१,००० किलोमीटरांहून जास्त धाव होते. ६०,००० किलोमीटर झालेली गाडी घेतली तर वॉरंटी अडीच वर्षांतच संपेल, मग कागदावर वर्षे कितीही शिल्लक असोत. तुमच्यासाठी गाडीच्या वयापेक्षा ओडोमीटरचा आकडा महत्त्वाचा आहे. सहा वर्षांची पण ४०,००० किलोमीटर झालेली गाडी तीन वर्षांच्या ९०,००० झालेल्या गाडीहून तुम्हाला सोयीची ठरू शकेल, पण सहाव्या वर्षी वॉरंटीची दोनच वर्षे उरतात हेही ध्यानात घ्या.

बॅटरीचे वय आणि वॉरंटी या दोन्ही अडचणींवर एक गाडी चांगला तोडगा देते, आणि बाजारात लोक तिच्याकडे उगाच संशयाने पाहतात. शेव्हरोले बोल्ट २०१७ पासून ६० युनिटांच्या बॅटरीसह आली. बॅटरीतील सदोष सेलमुळे आगी लागल्याने २०२१ मध्ये कंपनीने तोवरच्या सर्व बोल्ट परत बोलावल्या. ‘आग लागणारी गाडी’ हे नाव तिला तेव्हा चिकटले. पण या मोहिमेत पुष्कळ गाड्यांना, विशेषतः २०१७ ते २०१९ च्या, नव्या बॅटऱ्या बसल्या. त्या मूळच्या ६० युनिटांपेक्षा थोड्या मोठ्या, साधारण ६५ युनिटांच्या आहेत आणि त्यांची वॉरंटी बदलाच्या दिवसापासून नव्याने सुरू झाली. म्हणजे २०१८ ची गाडी, आणि आत तिच्याहून तीन-चार वर्षांनी तरुण बॅटरी. काही नंतरच्या गाड्यांना मात्र बॅटरी न बदलता फक्त देखरेखीचे सॉफ्टवेअर मिळाले. तेव्हा गाडीचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करा : बॅटरी बदलली का, कधी, आणि तिची वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे. तोंडी उत्तर चालणार नाही, कागद मागा.

बोल्टची उणीव म्हणजे तिला हीट पंप नाही. हीट पंप म्हणजे एसीचेच यंत्र उलट दिशेने चालवणे : बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणायची. शून्य अंशांच्या आसपास तो एक युनिट विजेत दोन-तीन युनिटांइतकी ऊब देतो. साधा हीटर एकास एकच देतो. उणे १५-२० च्या खाली गेल्यावर मात्र हीट पंपाचा फायदा बराच कमी होतो. दक्षिण ऑन्टारिओच्या हिवाळ्यातले बहुतेक दिवस त्याहून उबदार असतात, तेव्हा तो असला तर चांगलेच. पण त्याच्यासाठी लहान बॅटरी पत्करू नका. तुमच्या अंतराला मोठी बॅटरी आधी, हीट पंप नंतर. बोल्टचे जलद चार्जिंगही ५५ किलोवॅटच्या वर जात नाही आणि थंडीत त्याहून हळू होते, पण तुम्ही रात्री घरी चार्ज करणार असाल तर त्याने फारसे अडत नाही.

खिशाला थोडा अधिक भार चालत असेल तर ६४ युनिटांची ह्युंदाई कोना किंवा मोठ्या बॅटरीची टेस्ला मॉडेल ३ पाहा. टेस्लाची २०२१ किंवा नंतरची घ्या, कारण तेव्हापासून मॉडेल ३ मध्ये हीट पंप आला. काही वर्षांच्या कोनाही बॅटरीसाठी परत बोलावल्या होत्या, म्हणून तिथेही व्हीआयएनची चौकशी हवीच. ४० युनिटांची निसान लीफ स्वस्त मिळेल, मोहही होईल, पण ती घेऊ नका. थोडी झिजल्यावर तिच्याकडे ३५ युनिटे उरतात आणि तुम्हाला ४५ लागतात. ६२ युनिटांची लीफ नव्याने पुरली असती, पण झीज धरली तर ती काठावर येते. शिवाय तिचे जलद चार्जिंगचे ‘चाडेमो’ पद्धतीचे भोक उत्तर अमेरिकेत मागे पडत चालले आहे, आणि वाटेत अडचण आली तर तीच गोष्ट नडेल.

बॅटरी खरोखर किती उरली आहे, हे डॅशबोर्डवरच्या किलोमीटरांवरून ठरवू नका. तो आकडा आधीचा मालक गाडी कशी चालवत होता यावर बेतलेला असतो. बोल्टमध्ये शेवटच्या पूर्ण चार्जनंतर किती युनिटे खर्च झाली ते दिसते. विक्रेत्याला आदल्या रात्री गाडी पूर्ण चार्ज करायला सांगा आणि महामार्गावर लांब फेरी मारा. ४० टक्के उतरले आणि २४ युनिटे खर्च झाली, तर बॅटरी ६० युनिटांची आहे. ही चाचणी थंडीतच, हीटर चालू ठेवून करता आली तर तुमच्या गरजेचा आकडाही त्यातच कळेल. निसान लीफसाठी ‘लीफ स्पाय’ नावाचे अॅप आहे. इतर गाड्यांचीही तब्येत डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या पोर्टला छोटे यंत्र जोडून वाचता येते.

वादळात अडकण्याची भीती स्वाभाविक आहे. उभ्या गाडीत ऊब राखायला तासाला साधारण दोन युनिटे लागतात. बॅटरीत २५ युनिटे शिल्लक असतील तर बारा तास निघतात. हीटर कमी करून फक्त सीट तापवली तर त्याहून खूप जास्त. पेट्रोलच्या गाडीचा धुराचा पाइप बर्फाने बुजला तर विषारी वायू आत येण्याचा धोका असतो, तो इथे नाही. मात्र जानेवारीत १५ टक्क्यांवर घरी पोहोचण्याचे साहस करू नका.

रोजची सवय अशी ठेवा : गाडी निघायच्या वेळेपर्यंत प्लगला असू द्या आणि निघण्यापूर्वी अर्धा तास हीटर लावा. मग पहिली ऊब घराच्या विजेतून येते आणि बॅटरीही थोडी तापलेली मिळते. एरवी ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करणे बॅटरीला मानवते, पण कडाक्याच्या दिवशी १०० टक्के भरून लगेच निघण्यात काही बिघडत नाही. हिवाळी टायर लावाच. ऑन्टारिओत त्यासाठी विम्यात सवलतही मिळते.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॅनडातल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगमधून तासाला दीड युनिटही मिळत नाही. रात्रीच्या बारा तासांत सोळा-सतरा युनिटे येतील, आणि तुम्हाला रोज ४५ हवीत. २४० व्होल्टचा चार्जर असेल तर तासाला सात युनिटे मिळतात आणि सकाळपर्यंत काम होते. म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तुम्ही भाड्याने राहत असाल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. तो चार्जर बसत असेल तर बॅटरी बदललेली, कमी धावलेली बोल्ट शोधा. बसत नसेल आणि ऑफिसातही रोज चार्जिंगची खात्री नसेल, तर या अंतरासाठी तूर्त हायब्रिड गाडीच घ्या.