भाताची चारसूत्री : शेताच्याही फायद्याची, दुकानाच्याही

म्हसळा-श्रीवर्धनपासून उरण-पनवेलपर्यंत आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची थोडीफार भातशेती आहे. ती पावसावरच पिकते. ‘परवडत नाही’ म्हणून जमीन पडीक टाकण्याआधी आपण एक हिशेब पाहू.

मुठीने फेकलेल्या युरियाचा बराच भाग कोकणच्या पावसात वाहून जातो, काही हवेत उडतो. पैसा आपला, खत ओढ्याला! अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी यावर चारसूत्री पद्धत दिली. ती अशी :

१) रोपांच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. राखेतील सिलिकाने रोप कणखर होते. पहिल्या नांगरणीला गुंठ्यामागे २० किलो पेंढा गाडावा.

२) लावणीपूर्वी गुंठ्याला ३० किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला पसरून चिखलणीत गाडावा. गिरिपुष्प बांधावर सहज वाढते.

३) एका चुडात दोन-तीनच रोपे लावावीत. अंतर १५ व २५ सें.मी. असे आलटून पालटून ठेवावे, म्हणजे चार-चार चुडांचे चौकोन होतात.

४) लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध ७ ते १० सें.मी. खोल युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी खोचावी. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोहूनही कमी खत लागते. चिखलात खोल गेलेले खत मुळांना हळूहळू मिळते, वाहून जात नाही.

खारजमिनीत मात्र पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे ‘पनवेल-१’ किंवा ‘पनवेल-३’ हे वाण घ्यावेत.

आता धंद्याची बाजू. साठ भाग युरिया व चाळीस भाग डीएपी यंत्रात दाबून ही गोळी बनते. बांगलादेशात युरियाच्या अशाच गोळ्यांना ‘गुटी’ म्हणतात. तेथे गावोगावचे खतविक्रेते त्या बनवतात आणि स्थानिक कारखान्यांत त्यांची यंत्रे तयार होतात. आपल्या खतविक्रेत्यांना व लोहारकाम करणाऱ्यांना हे अशक्य नाही. मात्र मिश्रण करून विकण्यास १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो, त्याची चौकशी आधी कृषी कार्यालयात करावी. गोळी दमट हवेत पाझरते, म्हणून मागणीपुरतीच बनवून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावी.

पहिल्या वर्षी एकच खाचर करून पाहावे, शेजारचे जुन्या रीतीने लावावे आणि दोन्हींचे धान्य वेगळे मोजावे. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा उश्र म्हणून निघतो. रास वाढली, तर आपल्या कणगीबरोबर गरिबाचा हक्कही वाढेल, इन्शाअल्लाह.