चामोर्शीच्या अंगणातील समुद्र

चि. सौ. मालती,

तुझे पत्र पावले. वैशाखाच्या उन्हात मुलांना समुद्राचा ध्यास लागला आहे, प्रवासाची तजवीज यंदा होण्यासारखी नाही, तेव्हा घरीच किनाऱ्याचा देखावा उभारावा आणि त्यासाठी निळे प्लास्टिकचे कुंड, रंगीत रेतीच्या पिशव्या, कागदी नारळीची झाडे असे जिन्नस नागपुराहून मागवावेत, असा तुझा मनोदय दिसतो. हेतू उत्तम आहे. यादी मात्र मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे सविस्तर लिहिणे मामा या नात्याने मी आपले कर्तव्य समजतो.

चार-पाच वर्षांच्या बालकास देखाव्याची मातब्बरी फार तर तासभर वाटते. त्यानंतर त्याला हवी असते ती हातांच्या आज्ञेत वागणारी आणि तरीही आपला स्वभाव न सोडणारी वस्तू. आणि कोरडी असता बोटांतून निसटणारी, किंचित भिजली की कणाकणांमधील पाण्याच्या पातळ थरामुळे आकार धरून राहणारी, पाणी अधिक झाले की पुन्हा ढासळणारी रेती हिच्या तोडीचे खेळणे बाजारात मिळत नाही. परिसरातील वस्तूच मुलांस पुरतात, याला दाखलाही आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला, आणि पुढे 1945 साली त्या बोर्डीच्या समुद्रकाठी खेड्यातील बालवाडी चालविण्यास आल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची मौल्यवान साधने त्या दरिद्री मुलखास परवडणारी नव्हती, म्हणून या दोघींनी बिया, खडे, पाने, शिंपले, माती अशा परिसरातील पदार्थांनाच साधनांचा दर्जा दिला, आणि 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावरही तोच क्रम चालविला. ज्यांच्या दाराशी समुद्र होता त्यांनी दारचे घेतले. तुझ्या तालुक्यातून वैनगंगा वाहते, तेव्हा तू तिचे घ्यावेस.

रेती मात्र नदीच्या पात्रातून परस्पर उचलून आणवू नकोस. गौण खनिजाचा अंमल महसूल खात्याकडे आहे; एखादे घर बांधणाऱ्याकडून, रॉयल्टीची पावती असलेल्या ढिगातून आठ-दहा घमेली मागून घ्यावी, चाळणीने चाळावी, धुवावी आणि मांडवाच्या सावलीत जुन्या कवेलूंची कड उभी करून तीत पसरावी. खेळ सकाळी आठच्या आत व्हावा, नाही तर सूर्य कलल्यावर, कारण आपल्याकडील उन्हात उघडी रेती तळपाय भाजण्याइतकी तापते. रात्री तिजवर ताडपत्री असावी, अन्यथा मांजरे ती जागा आपलीच मानतात. आणि एका बाबतीत मी तुला आर्जवाने नव्हे, हुकूम म्हणून सांगतो: पाण्याने भरलेल्या टोपाजवळ धाकट्यास क्षणभरही एकटे सोडू नये, वीतभर पाणीही तान्ह्या जिवास घातक होते. लहान शिंपला त्याच्या हाती देऊ नये, तो तोंडात जाईल.

आता समुद्र. रेतीच्या एका कडेस उंचवटा करावा, थोरल्याच्या हाती गडवा द्यावा आणि त्यास वरून सावकाश धार धरावयास सांगावे. पाणी आपली वाट कोरील, वाटेतील रेती उचलील, आणि खाली सपाटीवर येऊन वेग मंदावताच ती पंख्याच्या आकाराने टाकून देईल. तू काही शिकवू नकोस. तीन-चार वेळा त्यास स्वतःच पाहू दे. मग सांग, की मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या यात्रेत आपण जी उत्तरवाहिनी नदी पाहतो, तीच पुढे वळणे घेत दक्षिणेस जाते, चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळून प्राणहिता होते, सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून, अशीच गाळाची भूमी पसरीत, बंगालच्या उपसागरास जाते. मुलांच्या कल्पनेत समुद्र म्हणजे मुंबई असते, कारण चित्रपटांत तोच दिसतो. परंतु चामोर्शीहून विशाखापट्टणचा किनारा मुंबईच्या किनाऱ्याहून पुष्कळ जवळ आहे, आणि आपल्या अंगणावर पडलेल्या पावसाचा समुद्र तर पूर्वेचाच. हे ज्या मुलास पाचव्या वर्षी ठाऊक झाले, त्याला आपला गाव जगाच्या आडबाजूस आहे असे वाटणार नाही, आणि मला वाटते, गडचिरोलीच्या मुलांस या भावनेची गरज इतरांहून अधिक आहे.

खारटपणासाठी लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळव; समुद्र साधारण तितकाच खारट असतो. बोट बुडवून चाखू दे, पिऊ मात्र देऊ नकोस. त्या पाण्यात ताजे अंडे सोडले तर ते बुडेल. मीठ मुठीमुठीने वाढवीत गेल्यावर एका क्षणी ते वर येईल, आणि त्या क्षणी मुलांचा जो कल्लोळ होईल तो शेजाऱ्यांनी सहन करावा. लाटा परातीत होतात. भरती-ओहोटीची ओळख मात्र आवर्जून करून द्यावी, कारण आपल्या मुलांनी पूर पाहिलेला असतो व समुद्राचे पाणी चढते तेही पुरानेच, असा त्यांचा समज होतो. पूर पावसाने येतो, आणि भरती चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाने, बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा, आकाश निरभ्र असतानाही येते.

हे सर्व करताना त्यांच्या कामात ढवळाढवळ करू नकोस. त्यांनी किल्ल्याऐवजी चूल रचली, नदीस उलटे वाहविले, शिंपल्यांचा बाजार मांडला, तरी तो त्यांचा कारभार आहे.

खारे पाणी तुळशीत किंवा मोगऱ्यात ओतू नये. पाऊस सुरू झाला की रेती पोत्यात भरून ओसरीवर ठेव. माझ्याकडे शाळेतील जुना भिंतीचा नकाशा आहे, त्यात गोदावरीचे खोरे ठळक दाखविले आहे. तो पुढील आठवड्यात चंद्रपूरहून येणाऱ्या कुणाबरोबर पाठवितो. जावईबापूंस आशीर्वाद, मुलांस गोड पापा.

तुझा,
मामा