वाफेच्या इंजिनाचा तोल शिकवताना काय करावे, काय टाळावे

टेंभुर्णीला स्टेशन नाही, पण जवळच कुर्डुवाडी आहे. 1897 मध्ये तिथून बार्शीकडे अडीच फुटी गेजची बार्शी लाइट रेल्वे निघाली. विज्ञान प्रदर्शनासाठी याहून चांगला विषय आपल्या भागात नाही.

काय करावे

• सुरुवात महामार्गावरच्या टायरच्या दुकानापासून करा. तिथे रिमला छोटे वजन लावले की काम भागते, कारण चाक नुसते फिरते. इंजिनात पिस्टन पुढे-मागे धावतो. चाकावरचे काउंटरवेट त्याचा आडवा धक्का कमी करते, पण तेच वजन फिरताना उभा जोर निर्माण करते. खाली आले की रूळ दाबते, वर गेले की चाक उचलू पाहते. हाच हॅमर ब्लो.

• गणित फळ्यावर मांडाच. समजा, पिस्टनसाठी लावलेले जादा वजन 50 किलो, केंद्रापासून 30 सेंटिमीटरवर आणि चाकाचे सेकंदाला 3 फेरे. जोर सुमारे 540 किलो भरतो. फेरे 6 केले की दोन टनांच्या वर!

• ही संख्या बार्शी लाइटशी ताडून पाहा. या रेल्वेचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी दर आसावर 5 टनांची मर्यादा ठेवली होती, म्हणजे चाकाला अडीच टन. रूळ वाराला अवघे 30 पौंडांचे. अशा रुळांवर भार अनेक आसांवर वाटणे आणि वेग बेताचा ठेवणे हेच शहाणपण होते.

• पर्ड्यू विद्यापीठातला गॉस यांचा 1890 च्या दशकातला प्रयोग सांगा. वेगातल्या चाकाखालून मऊ तार सोडली, तर ती कुठे चपटी झाली, कुठे जशीच्या तशी राहिली. चाक खरोखर उचलले जात होते.

काय टाळावे

• ‘वजन वाढवा, तोल साधेल’ असे सांगू नका. पिस्टन पुरता तोलला तर रूळ मार खातो, अजिबात तोलला नाही तर इंजिन हिसके देते. म्हणून त्याचा काही भागच तोलतात. साइड रॉड आणि क्रँक पिन मात्र नुसते फिरतात, ते पूर्ण तोलता येतात.

• दोन्ही बाजूंचा दणका एकाच क्षणी दाखवू नका. दोन सिलिंडरच्या इंजिनात क्रँक 90 अंशांनी मागेपुढे असतात.

• आजच्या विजेच्या इंजिनात हॅमर ब्लो शोधू नका, तिथे पिस्टनच नाही. ‘खट्‌खट्’ ऐकू आली तर चाकाची धाव चपटी झाली असेल, किंवा रुळाचा सांधा असेल.

• मुलांना रुळांवर उतरवू नका. फलाटावरून दिसते तेवढे पुरे.